पांडा गेले, गोगलगायी आहेत

स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गचं प्राणिसंग्रहालय ८२ एकरांचं. आपलं पुण्याचं कात्रज प्राणिसंग्रहालय तळ्यासकट १३० एकरांचं, तेव्हा जागेत आपण कमी नाही, हे आधीच सांगते. एडिनबर्गचे दोन पांडा डिसेंबर २०२३ मध्ये चीनला परतले, त्याचा गाजावाजा झाला. इथलं सगळ्यात मोलाचं काम मात्र नखाएवढ्या जिवांसाठी चालतं: पार्टुला गोगलगायी.

पावसाळ्यात आपल्या बागा फस्त करणारी, मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं खाणारी आफ्रिकन गोगलगाय पार्टुलांच्या घरी, प्रशांत महासागरातल्या ताहिती आणि आसपासच्या बेटांवरही माजली. तिला आवरायला १९७०च्या दशकात शिकारी गोगलगाय आणून सोडली, आणि तिने पार्टुलांचाच फडशा पाडला. एका उपजातीच्या शेवटच्या मोजक्या गोगलगायी २०१० मध्ये एडिनबर्गलाच उरल्या होत्या.

त्या जगवायच्या म्हणजे झाकणाचे छोटे डबे, तळाशी ओला टिश्यू पेपर, उबदार खोली. ओट्स, वाळल्या गवताची पूड आणि कवचाला कॅल्शियम मिळावं म्हणून माकूळाच्या हाडाची पूड, असं कालवून डब्याच्या भिंतीला लिंपायचं. कागद सुकला की गोगलगायी कवचात मिटून बसतात, खाणं थांबतं; खाणं जास्त दिवस राहिलं की बुरशी धरते. पार्टुला अंडी घालत नाही, एका वेळी एकच पिल्लू देते, तेही काही मिलिमीटरचं. जुना कागद उलटसुलट तपासल्याशिवाय टाकायचाच नाही, नाहीतर पिल्लू कचऱ्यात जातं. एका जातीचा डबा दुसरीत मिसळायचा नाही. आणि सगळी जात एकाच ठिकाणी ठेवायची नाही: पार्टुला टर्गिडाची शेवटची गोगलगाय १९९६ मध्ये लंडनला परजीवीच्या संसर्गाने मेली, जात संपली. बेटांवर सोडताना प्रत्येकीच्या कवचावर रंगाचा ठिपका देतात, म्हणजे रात्री अतिनील दिव्यात ती ओळखता येते.

कात्रजला नावं ठेवायला हे लिहीत नाही. एडिनबर्गचं एक तिकीट दोन हजार रुपयांच्या वर जातं. आपल्याकडे अख्खं घर त्याच्या कितीतरी कमी पैशांत वाघ बघून येतं, शिवाय अनाथ प्राण्यांचा भार कात्रजवर आहे. पण आंबोलीच्या जांभ्या सड्यावरचा आंबोली टोड हा छोटा बेडूक दुसरीकडे कुठे मिळत नाही. अशा जिवांसाठी खंदक नको, मोठा पिंजरा नको. एक बंद खोली, डबे, आणि नोंदवही चुकू न देणारी दोन माणसं पुरतील. एवढं पुणं नक्की करू शकतं.