१६ व्हीसीपीयू आणि १९२० युनिटं

इन्स्टॉलेशनला दोन तास लागले. लायसन्सची मोजणी निस्तरायला तीन आठवडे.

गेल्या उन्हाळ्यात एका क्लायंटचं वेबस्फिअर (जावा ॲप्लिकेशन चालवणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर) जुन्या खऱ्याखुऱ्या सर्व्हरवरून व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे व्हीएमवर, हलवायचं होतं. दोन नवे ईएसएक्सआय होस्ट (व्हीएम ज्यांवर चालतात ते खरे सर्व्हर), प्रत्येकी दोन सॉकेट, म्हणजे दोन प्रोसेसर, आणि ३२ कोअर. त्यांवर आमच्या वाट्याला चार व्हीएम, प्रत्येकीला चार व्हीसीपीयू, म्हणजे व्हर्च्युअल प्रोसेसर. (आमच्या टीममध्ये सर्व्हर 'तो' आणि व्हीएम 'ती'. का ते विचारू नका.)

इन्स्टॉलेशन मला झोपेतही जमेल. इन्स्टॉलेशन मॅनेजर टाकायचा, रिपॉझिटरी दाखवायची आणि नवव्या आवृत्तीत जावाचं पॅकेज वेगळं निवडायला विसरायचं नाही, कारण ते नसेल तर गाडी पुढे सरकतच नाही. पहिल्या मशीनवर रिस्पॉन्स फाइल (निवडलेले पर्याय टिपून ठेवणारी) रेकॉर्ड केली की बाकीच्या तिघींवर तीच चालवायची. मी एवढं सांगून जेवायला गेले. परत येईपर्यंत आमच्या धाकट्या सहकाऱ्याने शॉर्टकट शोधला होता: पहिली व्हीएम प्रोफाइलसकट (म्हणजे वेबस्फिअरच्या त्या मशीनवरच्या मांडणीसकट) तयार केली आणि तिचेच तीन क्लोन काढले.

"मॅडम, पंधरा मिनिटांत झालं!"

झालं खरं. पण वेबस्फिअरची प्रोफाइल बनते तेव्हा होस्टनेम, नोडचं नाव, सेलचं नाव सगळं कॉन्फिगरेशनच्या फाइलींत कोरलं जातं. लिनक्सवर होस्टनेम बदललं म्हणून तिथलं बदलत नाही. त्यामुळे तिघी क्लोन स्वतःला पहिलीच समजत होत्या आणि सगळ्यांना सांभाळणाऱ्या डिप्लॉयमेंट मॅनेजरकडे पहिलीच्याच नावाने हजेरी लावायला बघत होत्या. टेम्प्लेटमध्ये फक्त बायनरी, म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, ठेवावी, प्रोफाइल क्लोन झाल्यावर बनवावी. हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं, त्यामुळे ओरडले नाही. मेमरी मात्र इन्फ्रावाल्यांशी भांडून पूर्ण रिझर्व्ह करून घेतली. हायपरवायझरने (व्हीएम चालवणाऱ्या खालच्या सॉफ्टवेअरने) मागच्या दाराने मेमरी काढून घेतली की गार्बेज कलेक्शन, म्हणजे जावाची मेमरी-सफाई, रखडतं आणि शिव्या आम्हाला बसतात.

आता लायसन्स. वेबस्फिअरचं लायसन्स पीव्हीयूत (प्रोसेसर व्हॅल्यू युनिटांत) मोजतात, म्हणजे प्रत्येक कोअरला ठरावीक युनिटं. आमच्यासारख्या दोन सॉकेटच्या इंटेल सर्व्हरला कोअरमागे ७०. दोन होस्ट पूर्ण मोजले तर ६४ कोअर, ४४८० युनिटं. म्हणजे वाड्यातली एक खोली भाड्याने घ्यायची आणि घरपट्टी अख्ख्या वाड्याची भरायची. यातून वाट आहे ती सब-कपॅसिटीची: फक्त तुमच्या व्हीएमचे व्हीसीपीयू मोजा. १६ गुणिले ७०, ११२०. क्लायंटने विकत घेतलेली युनिटंही बरोबर ११२०. एकही जास्त नाही.

पण ही सवलत फुकट मिळत नाही. आयबीएमचं आयएलएमटी हे मोजणीचं टूल ९० दिवसांच्या आत बसवायचं, दर तिमाहीला रिपोर्ट काढायचा आणि तो दोन वर्षं जपून ठेवायचा. टूलला पैसे पडत नाहीत, माणसं लागतात. ते नसेल तर हिशेब अख्ख्या वाड्याचा. (वेबलॉजिक, म्हणजे ओरॅकलचं असंच सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांचं तर विचारूच नका. ओरॅकलच्या पार्टिशनिंगच्या कागदात व्हीएमवेअर 'सॉफ्ट' गटात येतं, म्हणजे व्हीएम कितीही छोटी केली तरी मोजणी कमी होत नाही.)

टूल क्लायंटकडे आधीपासून होतं. चारही व्हीएमवर त्याचे एजंट (टूलला माहिती पाठवणारे छोटे प्रोग्राम) टाकले, सगळे हिरवे दिसले, मी निर्धास्त. तिमाहीअखेरीला रिपोर्ट उघडला तर १९२०.

आधी वाटलं, कोणीतरी व्हीसीपीयू वाढवले. मोजले, सोळाच होते. मग १९२० ला १६ ने भागलं. १२०. तिथे डोक्यात प्रकाश पडला. व्हीएमच्या आतून एजंटला खालचा खरा प्रोसेसर कोणता, सॉकेट किती, हे खात्रीने कळत नाही. ते टूलला व्हीसेंटरला, म्हणजे सगळे होस्ट सांभाळणाऱ्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरला, विचारावं लागतं. व्हीसेंटरची ओळखच करून दिलेली नसेल तर ते कोअरमागे सरळ १२० धरतं. नव्या होस्टांसाठी व्हीसेंटरही नवं उभं केलेलं होतं आणि टूलमध्ये ते जोडायचं काम कोणाच्याच यादीत नव्हतं. माझ्याही नाही.

जोडणी पाच मिनिटांची. त्यासाठी लागणारं फक्त-वाचण्याचं खातं मिळवायला सिक्युरिटीचा फॉर्म, दोन मंजुऱ्या, फायरवॉलची वेगळी विनंती, आणि मधे सलग तीन सुट्ट्या. शेवटी एका सोमवारी सकाळी आकडा ११२० झाला. मी स्क्रीनशॉट काढून ठेवला. इतक्या हौसेने फोटो मी पोराच्या गॅदरिंगलाही काढलेले नाहीत.

त्याच आठवड्यात धाकटा सहकारी आला. लोड टेस्टसाठी एका व्हीएमला दोन व्हीसीपीयू वाढवून हवे होते. "फक्त एका दुपारपुरते, मॅडम. संध्याकाळी परत काढतो."

टूल दर अर्ध्या तासाने क्षमता तपासतं आणि रिपोर्टात तिमाहीतला सर्वांत मोठा आकडा धरतं. १८ गुणिले ७० म्हणजे १२६०. मी कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवलं. त्याने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "आणि वीस मिनिटांत उरकलं तर?"