टॅब हातात आला की मुलं नुसती खेळत नाहीत का?

शाळेला टॅब द्यायला आलेले देणगीदार, शिक्षण परिषदेत भेटणारे शिक्षक, आमच्या मुलांचे आईवडील, सगळे मला फिरून फिरून एकच विचारतात: "मॅडम, काय करायचं ते पोरांनाच ठरवू दिलं आणि वर हातात टॅब दिला, तर ती अभ्यास कशाला करतील?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक मिळतात. पहिली-दुसरी सर सांभाळतात, तिसरी-चौथी माझ्याकडे. चौथीतला एखादा अजून जोडाक्षरावर अडतो आणि तिसरीतली एखादी चौथीचं मराठीचं पुस्तक कधीच वाचून मोकळी झालेली असते. सगळ्यांना एकच धडा एकदम शिकवला तर निम्म्यांच्या डोक्यावरून जातो आणि उरलेली जांभया देतात. मुलांना निवड द्यायला लागले ती या गरजेपोटी.

पण निवड कशाची, हे महत्त्वाचं. वजाबाकी शिकायची की नाही, हे मुलं ठरवत नाहीत; ते मी ठरवते. ती कशाने शिकायची, एकट्याने की जोडीने, आणि जमली हे कसं दाखवायचं, एवढं त्यांच्याकडे. हातच्याच्या वजाबाकीला माझ्याकडे तीनच पर्याय असतात: काड्यांचे गठ्ठे, खेळातल्या नोटा आणि टॅबवरचा व्हिडिओ. याहून जास्त ठेवले की मूल निवडण्यातच तास घालवतं.

आमच्या एका मुलीने ५२ वजा २७ चं उत्तर ३५ काढलं. टॅबवरच्या सरावाच्या अ‍ॅपने लाल फुली दाखवली आणि पुढचं सोपं गणित समोर आणलं. अ‍ॅपला उत्तर चुकलं एवढंच कळलं. मला मात्र वही बघताच कळलं की तिने एककात लहान अंक मोठ्यातून वजा केलाय, सातातून दोन. तिला सोपं गणित देऊन काय उपयोग? मी तिला पर्यायांची आठवण करून दिली. तिने काड्या घेतल्या. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या मांडल्या, सात काढायला गेली आणि थांबली. बराच वेळ नुसती बघत होती. मग एका गठ्ठ्याचं रबर स्वतःच सोडवलं, बारातून सात काढल्या, उरलेल्या चारांतून दोन गठ्ठे बाजूला ठेवले. पंचवीस. त्यानंतर तिने आपणहून टॅब मागितला, व्हिडिओतल्या बाईसुद्धा असंच करतात का ते बघायला.

टॅबचा खरा फायदा मला दिसतो तो वाचनात. एक मुलगा वर्गापुढे वाचायला उभा राहिला की त्याचा आवाजच फुटायचा नाही. आता तो टॅब घेऊन व्हरांड्याच्या टोकाला जातो, उतारा वाचून रेकॉर्ड करतो, ऐकतो, पुसतो, परत वाचतो. अडखळलेलं दुसऱ्या कुणाला ऐकू जात नाही. त्याला पसंत पडलेलं एकच वाचन तो मला ऐकवतो. चाळीस डोळे रोखलेले असताना ही मोकळीक मी त्याला कुठून देणार होते?

बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दलही विचारतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी ते आधी करून दाखवलं आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. व्हिडिओ थांबवून मागे नेता येतो, हे हळू शिकणाऱ्या मुलासाठी फार मोलाचं. तरी कोड सगळ्यांना एकाच व्हिडिओकडे नेतो. कुणाला तो आज लागेल आणि कुणाला आधी काड्या लागतील, हे वर्गातल्या माणसालाच बघावं लागतं. आणि हे सगळं बिनविजेचंही होतं. आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेने खेड्यातल्या बहुवर्ग शाळांसाठी, म्हणजे एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असतात अशा शाळांसाठी, कार्डांची शिडी तयार केली. मूल आपली पायरी शोधून आपल्या गतीने पुढे जातं. कागदाची कार्डं, बाकी काही नाही.

राहिला खेळण्याचा प्रश्न. इंटरनेट चालू ठेवून टॅब सोपवला तर मुलं खेळणारच, मोठी माणसं तरी दुसरं काय करतात? आम्ही लागेल तेवढं आधी उतरवून घेतो आणि नेट बंद ठेवतो. तसंही दुपारी लाइट जाते.

तेव्हा देणगी देणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक मुलाला एक टॅब, असा आग्रह धरू नका. आमच्या वर्गाला चार-पाच पुरतात, सोबत हेडफोन मात्र हवेत, नाहीतर एकाच्या व्हिडिओने सगळ्यांचं वाचन बुडतं. उरलेल्या पैशांत गोष्टींची पुस्तकं द्या, सोपी आणि मोठ्या अक्षरांची जास्त. कोणती, ते आणण्याआधी एकदा वर्गात येऊन मुलांनाच विचारा.