६३ गुणसूत्रांचा मासा

माशांची गुणसूत्रं मोजणं हे माझं रोजचं काम, त्यात बरेचसे दिवस एकसारखेच जातात. पण ज्या दिवशी ६३ आकडा आला तो दिवस लिहून ठेवावासा वाटला.

आधी मासा कुठला ते सांगते. अ‍ॅक्वेरियमच्या काचेला तोंडाने चिकटून शेवाळ खरवडणारा सकर फिश बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो, त्याच्या कुळाचं नाव लोरिकॅरिडी. मूळचे दक्षिण अमेरिकेतले आणि पनामा-कोस्टारिकापर्यंतचे, अंगावर हाडांच्या तुकड्यांचं चिलखत, आणि हजाराच्या वर प्रजाती. या कुळात गुणसूत्रांची मूळ संख्या ५४ मानतात, पण हायपोस्टोमस वंशात ती वाढत ८४ पर्यंत गेलीय, अँसिस्ट्रसमध्ये घटत ३४ पर्यंत आलीय, आणि मी ज्याच्यावर काम करते त्या रिनेलोरिकारियात तर ३६ पासून ७० पर्यंत आकडे सापडतात, कधीकधी एकाच प्रजातीत वेगवेगळे. एवढी उलथापालथ होऊनही हे मासे सुखाने जगतात, वाढतात, पिल्लं देतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

तर दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीच्या खोऱ्यातल्या एका ओढ्यातले मासे होते. पद्धत नेहमीचीच, कोल्चिसिन टोचायचं म्हणजे पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकून राहतात, मग लवंगतेलाच्या जास्त डोसमध्ये मासा शांत करून हेड किडनी (मूत्रपिंडाचा डोक्याजवळचा भाग) काढायची, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये फिक्स करायच्या आणि स्लाइडवर थेंब सोडून जिम्सा नावाच्या रंगाने रंगवायचं. आतापर्यंतच्या सगळ्या माशांत ६४ आले होते. हा एक नर, आणि पहिल्याच चांगल्या मेटाफेजमध्ये, म्हणजे विभाजनाच्या मध्यावर अडकलेल्या पेशीत, ६३.

एक कमी आला की पहिला संशय स्लाइडवरच. थेंब पसरताना एखादं गुणसूत्र बाजूला निघून जातं, हे नेहमीचं आहे. पण दुसऱ्या पेशीत ६३, तिसऱ्यात ६३, स्लाइड बदलली तरी ६३. हरवलं असतं तर कधी ६२, कधी ६४ आलं असतं, इतकं शिस्तीत नसतं हरवत. सीनिअर ताईला बोलावलं, ती आयपीसला डोळा लावून बराच वेळ गप्प आणि मग म्हणाली, "नर आहे ना गं? एक्स-ओ तर नाही?"

प्रश्न रास्त होता, कारण अँसिस्ट्रसच्या काही प्रजातींत मादीत दोन एक्स आणि नरात एकच एक्स असतो, त्यामुळे नरात एक गुणसूत्र कमीच भरतं. पण आमच्या याच ओढ्यातल्या बाकीच्या नरांत ६४ होते, ते बसेना. मग मी संख्या सोडून हात मोजायला घेतले. आमच्याकडे खरं काम हेच असतं, सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राचा आवळलेला भाग, मधे असेल तर गुणसूत्राला दोन हात, टोकाला असेल तर एकच धरायचा. ६४ वाल्यांत ६ गुणसूत्रं दोन हातांची आणि ५८ एक हाताची, म्हणजे एकूण ७०. या पठ्ठ्यात ७ दोन हातांची आणि ५६ एक हाताची. परत ७०!

तिथे मी खुर्चीतून उठले, खरंच उठले. हरवलं काहीच नव्हतं. एक हाताची दोन गुणसूत्रं, दोन काड्या टोकाला टोक लावून जोडाव्यात तशी, सेंट्रोमिअरपाशी जोडली गेली होती आणि त्यातून मोठं मेटासेंट्रिक, म्हणजे सेंट्रोमिअर मधे असलेलं दोन हातांचं गुणसूत्र, तयार झालं होतं, त्याला जोडीदार नाही, एकटंच. याला रॉबर्टसोनियन फ्युजन म्हणतात, रॉबर्टसन यांनी १९१६ साली हे टोळांच्या अभ्यासातून मांडलं. माणसांतही साधारण हजारात एकाला असं असतं, ४५ गुणसूत्रं घेऊन तो माणूस धडधाकट फिरत असतो आणि बहुतेकदा त्याला पत्ताही नसतो.

नंतर फिश केलं (मासा नाही, डीएनएच्या ठरावीक भागाला चिकटून चमकणारे प्रोब वापरायची पद्धत). टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकांवरचा डीएनए, त्याचा सिग्नल एरवी टोकांनाच दिसतो, या मोठ्या गुणसूत्रात तो मधे सेंट्रोमिअरपाशीही होता, आणि त्याच्या शेजारी ५एस आरडीएनए (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका घटकाची जनुकं). रिनेलोरिकारिया आणि अँसिस्ट्रसमध्ये तुटण्या-जुळण्याच्या जागी हे ५एस वारंवार सापडलंय, त्या भागात डीएनए नाजूक असतो असं मानतात. अंधाऱ्या खोलीत लाल-हिरवे ठिपके एकमेकांना खेटून दिसले तेव्हा माझ्या मनातली शंका संपली.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती वृषणाची स्लाइड. शुक्रपेशी बनताना गुणसूत्रं आधी जोड्या लावतात, मग ६३ ची जोडी लागणार कशी? तर ३० नीट जोड्या आणि एक त्रिकूट, मोठ्या मेटासेंट्रिकच्या एका हाताला एक गुणसूत्र चिकटलेलं, दुसऱ्या हाताला दुसरं. हे त्रिकूट मोठं एका बाजूला आणि दोन छोटी दुसऱ्या बाजूला असं फुटलं की एका शुक्रपेशीत ३१ जातात, दुसरीत ३२, आणि दोन्हीत जनुकांचा साठा पूर्ण. म्हणजे ६३ वाला नर आणि ६३ वाली मादी एकत्र आले तर काही पिल्लं ६२ ची व्हायला हवीत, आणि तीही चांगली जगायला हवीत.

पुढच्या खेपेच्या माशांत ६२ सापडले. मादी होती, मोठी मेटासेंट्रिक दोन, एकमेकांची जोडीदार, हात परत ७०. ताईने माझ्याआधी मोजलं आणि मला हाक मारली.

आता ६३ वाल्या नरांच्या वृषणात पुढच्या टप्प्यातल्या, त्रिकूट फुटून झालेल्या पेशी शोधतेय. ३१ असोत की ३२, हात ३५ भरायला हवेत. जिथे ३५ भरणार नाहीत तिथे त्रिकूट चुकीचं फुटलं असं धरायचं, आणि असं किती वेळा होतं त्यावरून कळेल की हे फ्युजन त्या ओढ्यात पसरत जाईल की हळूहळू बाहेर पडेल.