लेकीसाठी दिल्ली विद्यापीठ निवडताना: माझा अनुभव

पदवीला इतिहासच घ्यायचा, हे माझ्या लेकीने अकरावीतच पक्के केले होते. तो कोठे शिकायचा, हे मात्र बारावी निम्मी सरली तरी ठरत नव्हते. आम्ही सांगलीचे. मी स्वतः शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयातून पदवीधर झाले, त्यामुळे विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी आणि गुणपत्रक देणारी संस्था, प्रत्यक्ष शिक्षण मात्र महाविद्यालयात, अशीच माझी समजूत होती. दिल्ली विद्यापीठाचे नाव घरात निघाले तेव्हा ती समजूत मी बाजूला ठेवली आणि १९२२ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाच्या नावावरच भाळले. ६९ महाविद्यालये आणि पदवीच्या ७०,०००हून अधिक जागा असलेल्या विद्यापीठात मुलीला नेमके काय मिळेल, हा प्रश्न मला बराच उशिरा सुचला.

२०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी मिरजेहून गोवा एक्सप्रेसने दिल्लीला गेलो. हवा धुरकट होती आणि दुसऱ्याच दिवशी लेकीला खोकला सुरू झाला. तेही मी निर्णयाच्या हिशेबात धरले. विश्वविद्यालय मेट्रो स्थानकाजवळचा उत्तर परिसर पायी पाहता येतो, पण लेडी श्रीराम महाविद्यालय दक्षिण दिल्लीत लाजपतनगरला आहे आणि इतरही अनेक महाविद्यालये शहरभर विखुरलेली आहेत, हे तेथे गेल्यावर खऱ्या अर्थाने कळले. काही ठिकाणी ओळखपत्राशिवाय आत सोडत नव्हते. म्हणून आम्ही बाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर मुलींशी बोललो आणि त्याचाच उपयोग सर्वांत जास्त झाला. मी पहिल्यांदा विचारले, "महाविद्यालय चांगले आहे का?" सगळ्यांनी "हो" म्हटले. मग लेकीने विचारले, "ट्युटोरिअल खरोखर होतात का आणि एका गटात किती जण असतात?" या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी आली. ट्युटोरिअल म्हणजे व्याख्यानाखेरीज लहान गटात निबंधावर होणारी चर्चा, ही तेथील जुनी पद्धत आहे. ती कोठे मनापासून पाळली जाते आणि कोठे केवळ वेळापत्रकात उरली आहे, हे माहितीपुस्तिकेवरून कळत नाही.

परत आल्यावर खरी अडचण समोर उभी राहिली. २०२२पासून तेथील पदवीचे प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावीचे गुण बरोबरी सुटण्यापुरतेच पाहिले जातात. ही परीक्षा एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते आणि आपल्या मंडळाचे बारावीचे इतिहासाचे पुस्तक अगदी निराळे आहे. आपल्याकडे युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद, मराठे आणि वसाहतवाद, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध असा क्रम आहे. तिकडे हडप्पापासून सुरुवात होऊन स्तूप, भक्ती आणि सूफी परंपरा, विजयनगर, मुघलकालीन शेतकरी असे करत राज्यघटनेच्या निर्मितीपर्यंत जायचे असते. म्हणजे मंडळाची परीक्षा आणि प्रवेश परीक्षा यांसाठी तिला एकाच विषयाचे दोन वेगळे अभ्यास करावे लागले, त्यात एक मराठीतून आणि दुसरा इंग्रजीतून. सीयूईटी मराठीतूनही देता येते, परंतु पुढे पदवीच्या उत्तरपत्रिका इंग्रजीत किंवा हिंदीतच लिहायच्या असल्यामुळे तिने आधीच इंग्रजीची सवय करून घेतली. एनसीईआरटीच्या पुस्तकात १८७५च्या दख्खनच्या दंग्यांचे प्रकरण आले, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्याचे तिने वाचले, आणि त्या रात्री प्रथमच ते इंग्रजी पुस्तक तिला परके वाटले नाही.

५ मे २०२५ला बारावीचा निकाल लागला आणि १३ मेपासून सीयूईटी सुरू झाली. इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल हे चार विषय तिने दिले. प्रत्येकी २५० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. याच काळात कागदपत्रांची धावपळ झाली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठीचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आम्ही राज्याच्या नमुन्यात काढले होते, पण केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातील आणि त्याच आर्थिक वर्षातील प्रमाणपत्र लागते. ते पुन्हा काढण्यात बारा दिवस गेले. ज्यांना हे आरक्षण लागू आहे, त्यांनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हे एप्रिलमध्येच पाहून ठेवावे, असे मी कळकळीने सांगेन.

मग पसंतीक्रम भरायची वेळ आली. येथे महाविद्यालय आणि विषय यांची जोडी करून क्रम लावायचा असतो, आणि गुणांनुसार यादीतील शक्य तितकी वरची जोडी मिळते. आमच्या पहिल्या यादीत नामांकित महाविद्यालये वर होती. इतकेच नव्हे, तर तेथे इतिहासाची जागा मिळणे कठीण म्हणून त्याच महाविद्यालयातील तत्त्वज्ञान आणि संस्कृत आम्ही इतर ठिकाणच्या इतिहासाच्या वर लिहिले होते. लेकीचे वडील शांतपणे म्हणाले, "अगं, ही यादी तुझी आहे की महाविद्यालयांच्या नावलौकिकाची?" त्या संध्याकाळी तिने सर्व यादी पुसली आणि फक्त इतिहास ठेवला, ट्युटोरिअल नीट होत असल्याचे ज्या महाविद्यालयांतील मुलींनी सांगितले होते, ती वर आणली, मग नाव मोठे असो वा नसो. मला त्या क्षणी भीती वाटली, हे खरे आहे. आज मात्र वाटते की संपूर्ण प्रक्रियेत तिने स्वतः घेतलेला निर्णय तोच होता, बाकी सारे आम्ही नियमांप्रमाणे करत गेलो.

पहिल्या फेरीत सहावी पसंती मिळाली. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही, तर विद्यार्थी पुढच्या फेऱ्यांतूनही बाहेर पडतो, म्हणून ती लगेच स्वीकारली, शुल्क भरले आणि 'अपग्रेड' हा, म्हणजे वरच्या पसंतीची वाट पाहण्याचा, पर्याय निवडला. दुसऱ्या फेरीत तिसरी पसंती मिळाली, तेव्हा सहावीवरचा हक्क आपोआप संपला. यादीतील प्रत्येक वरची जोडी खालच्या जोडीपेक्षा खरोखर हवीशी का असावी लागते, ते यामुळे. तेथे तिने 'फ्रीज' केले, म्हणजे तीच जागा कायम केली. पुण्यातील एका महाविद्यालयात धरून ठेवलेली जागा आम्ही त्याच दिवशी सोडून दिली.

वसतिगृह मात्र मिळाले नाही. त्याचा अर्ज वेगळा असतो, जागा मोजक्या असतात, आणि सरकारी विद्यापीठाचे शुल्क कमी म्हणून केलेला आमचा सारा हिशेब दिल्लीतल्या विजयनगर भागातील पेइंग गेस्टच्या भाड्याने बदलून गेला. ती खोली दुसऱ्या एका मुलीबरोबर वाटून घेते. वसतिगृहाच्या पुढच्या वर्षीच्या अर्जाची तारीख मी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर आत्ताच लिहून ठेवणार होते, पण ती अजून जाहीर झालेली नाही.