ताळा न लागणारं पाणी

नोकरीतली तीस वर्षं मी हिशेब तपासण्यात घालवली. त्यामुळे वसाहतीच्या पाणी समितीत मला घेतलं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, टाकीतून रोज किती पाणी सुटतं आणि घरात किती पोचतं? दोन्ही आकडे कुणाकडेच नव्हते. होती ती फक्त तक्रार. चौथ्या गल्लीत वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. आणि त्या तक्रारीचं ठरलेलं उत्तरही होतं: तिसऱ्या गल्लीत बाग असलेलं घर सगळं पाणी ओढतं.

त्या घरातल्या वहिनींनी अंगणात पाइप धरणंसुद्धा सोडून दिलं होतं. पहाटे बादलीने झाडांना पाणी घालायच्या, कुणी बघू नये म्हणून. हे मला फार नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मीटर बसवायला समितीने घेतलेले आठ महिने मी घेऊ दिले नसते.

आमची 62 घरं, चार गल्ल्या, एक उंच टाकी. टाकीच्या खाली मेन लाइनवर एक मोठं मीटर आणि प्रत्येक घराला एक छोटं, असं ठरलं. विरोध झाला. मीटर म्हणजे बिल, एवढंच लोकांना माहीत होतं. मी घरोघरी जाऊन एकच सांगत राहिले की घराचं मीटर घराचा खर्च सांगतं, पण मोठं मीटर आणि 62 छोटी मीटरं एकत्र वाचली की जमिनीखालचं पाणी सापडतं. आंतरराष्ट्रीय जल संघटनेने 2000 साली पाण्याच्या ताळेबंदाची जी पद्धत मांडली तिचा गाभा हाच आहे: आत आलेलं, वापरलेलं आणि उरलेली तूट. तूटही दोन प्रकारची. काही पाणी खरंच गळून जातं, आणि काही पाणी लोकांपर्यंत पोचतं पण मीटरला दिसत नाही.

बसवणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच आमच्या चुका झाल्या. मीटर जोडण्याआधी लाइन धुवून घ्यावी लागते. पहिल्या गल्लीत घाई केली आणि आठवड्याभरात दोन मीटरं अडकली. आतल्या चक्रात वाळूचे कण गेले होते. त्यानंतर आमच्या फिटरभाऊंनी प्रत्येक जोडाला आधी बादलीभर पाणी मोकळं सोडून, ते स्वच्छ दिसल्यावरच मीटर चढवलं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना तिचं टोक आत लोंबू द्यायचं नाही, ते तुटून गाळणीत जातं. मीटरच्या अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेनेच हवा. एका घरी तो उलटा बसला आणि आकडे मागे जायला लागले. मीटर अशा जागी बसवायचं की पाइप कायम भरलेला राहील, आणि वाचताना माणसाला जमिनीवर झोपावं लागणार नाही. जुना लोखंडी पाइप कापण्याआधी घराचं अर्थिंग त्याच पाइपला जोडलेलं नाही ना, हे वायरमनकडून बघून घ्या. आमच्याकडे तीन घरांत जोडलेलं निघालं. आणि काम संपल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, नाहीतर पुढे ढकलली जाणारी हवाच मीटर गरगर फिरवते.

सगळी मीटरं बसल्यावर एका रविवारी सकाळी सहाला आम्ही नऊ जण एकदम बाहेर पडलो. सगळी वाचनं अर्ध्या तासात घ्यायची, कारण एकाने सहाला आणि दुसऱ्याने दहाला वाचलं तर वजाबाकीला अर्थ राहत नाही. काळे आकडे घनमीटरचे, लाल आकडे त्याखालच्या लिटरचे, हे प्रत्येकाला लिहून दिलं होतं. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच वेळी. मोठ्या मीटरवर आठवड्याचे 268 घनमीटर, 62 घरांची बेरीज 203. तूट 65. म्हणजे दर तासाला जवळजवळ 387 लिटर पाणी कुणाच्याही घरात न जाता नाहीसं होत होतं.

बाग असलेल्या घराचं वाचन मी मुद्दाम वेगळं पाहिलं. शेजारच्या घरापेक्षा ते कमी होतं. समितीच्या बैठकीत मी तो आकडा मोठ्याने वाचला. वहिनी मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या खाली बघत राहिल्या, आणि बाकीच्यांनाही काय बोलावं ते सुचेना.

तूट कळली, पण ठिकाण शोधायचं तर रात्र हवी. रात्री दोन ते चारच्या दरम्यान माणसं झोपलेली असतात, म्हणून त्या वेळी जे वाहतं त्यात गळतीचा वाटा सर्वांत मोठा असतो. शिवाय वापर थांबल्याने दाब वाढतो आणि गळती दिवसापेक्षा जोरात होते. प्लॅस्टिकच्या पाइपाला चीर असेल तर दाबाने ती आणखी फाकते. आम्ही मोठ्या मीटरजवळ टॉर्च धरून बसलो. फिटरभाऊ टोकाकडून एकेक गल्ली बंद करत आले आणि मी दर वेळी पाच मिनिटांचा प्रवाह लिहिला. सगळं उघडं असताना 43 लिटर. चौथी गल्ली बंद केल्यावर 36. तिसरी बंद केली आणि एकदम 6. मी परत पाच मिनिटं मोजलं. पुन्हा 6. दुसरी बंद केल्यावर 3, पहिली बंद केल्यावर शून्य. म्हणजे तिसऱ्या गल्लीतच पाच मिनिटांना 30 लिटर जात होते.

पण तिसऱ्या गल्लीचा रस्ता कोरडा ठणठणीत होता. गळती असेल तिथे ओल दिसेलच, ही आमची समजूत होती. दुसऱ्या रात्री फिटरभाऊंनी लोखंडी सळई व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकवून दुसरं टोक कानाशी धरलं. मलाही ऐकायला दिलं. सूऽऽ असा बारीक, न थांबणारा आवाज. कुणी नळ उघडला की तोही ऐकू येतो, पण तो बंद होतो. हा होत नव्हता. लोखंडी पाइपातून असा आवाज दूरवर जातो, प्लॅस्टिक मात्र तो शोषून घेतं, म्हणून दर नळजोडापाशी थांबून कान लावावा लागला. सर्वांत मोठा आवाज आला तिथे खडूने खूण केली आणि सकाळी खोदलं.

काहीच निघालं नाही. खालची माती पोकळ होती, म्हणून आवाज तिथे घुमत होता. दोन मीटर पुढे पुन्हा खोदलं, तेव्हा सॅडलखालून, म्हणजे घराला जोड देण्यासाठी मोठ्या पाइपावर आवळलेल्या पट्ट्याखालून, पाण्याची धार दिसली. ती सरळ जुन्या गटाराच्या भिंतीतल्या फटीत जात होती. त्या गटारात पावसाळा नसतानाही नितळ पाणी वाहतं, हे आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं. मीही रोज तिथूनच जात होते.

फुटलेला मोठा पाइप फारसं पाणी वाया घालवत नाही, असं मी आता म्हणते तेव्हा लोकांना पटत नाही. पण तो फुटल्याबरोबर आरडाओरडा होतो आणि काही तासांत दुरुस्त होतो. ही धार तासाला 360 लिटरची, पण किती वर्षं चालली होती कुणास ठाऊक.

चौथ्या गल्लीतल्या आजींचं प्रकरण वेगळं. एकट्या राहतात, कपबशीसुद्धा वाटीभर पाण्यात विसळतात, आणि मीटर रोजचे 1,100 लिटर दाखवत होतं. त्या रडवेल्या झाल्या होत्या. हे पाणी त्यांच्या मीटरमधून जात असल्याने आमच्या 65 घनमीटरच्या तुटीत धरलेलंच नव्हतं, बेरजेत होतं. सगळे नळ बंद करून मीटर पाहिलं तर मधली छोटी चांदणी फिरतच होती. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकला, फ्लश न ओढता अर्धा तास थांबलो. भांड्यात रंग उतरला. आतलं रबर झिजलं होतं. ते बदलल्यावर चांदणी थांबली आणि आजी ती बघायला स्वतः वाकल्या.

सॅडल बदलल्यानंतरच्या आठवड्यात मोठ्या मीटरवर 211 आणि घरांची बेरीज 200. उरलेल्या 11 पैकी काही भाग घरांवरच्या टाक्यांचा असावा. टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल कॉक जवळजवळ मिटत आला की पाणी इतकं बारीक येतं की मीटरचं चक्र हलतच नाही. बाकीचं अजून जमिनीत आहे.

चौथ्या गल्लीत आता वरच्या मजल्यावर पाणी चढतं. वहिनी पुन्हा पाइपने झाडांना पाणी घालतात, संध्याकाळी, सगळ्यांसमोर. वाचनाच्या रविवारी त्यांच्या गल्लीतली पंधरा मीटरं त्या स्वतः वाचून आणतात आणि वहीत आकडे उतरवताना माझ्या शेजारी बसतात. गेले तीन आठवडे तूट 11, 13, 16 अशी चढते आहे. उद्या रात्री दोनला आम्ही सळई घेऊन दुसऱ्या गल्लीपासून सुरुवात करणार आहोत.