जैसलमेर ते तनोट सायकलने: वाऱ्याचं ठीक, सराट्यांचं काय?

राजस्थानातल्या जैसलमेरपासून पाकिस्तान सीमेजवळचं तनोट साधारण १२० किलोमीटर. रस्ता चांगला, घाट नाही, रामगढ सोडलं की रहदारीही तुरळक. ज्याला विचारावं तो म्हणतो, हिवाळ्यात आरामात होतं. होतं, नाही असं नाही. पण सराट्यांबद्दल, म्हणजे वाळूत पडलेल्या, टायरमध्ये घुसणाऱ्या काटेरी फळांबद्दल, एकानेही चकार शब्द काढला नव्हता, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आधी वेळेचं सांगतो. डिसेंबर-जानेवारीत तिकडे साडेसातच्या आसपास उजाडतं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आणि जैसलमेर ७१ अंशांच्या जवळ, म्हणजे पाऊण तासाचा फरक आलाच. नेहमीच्या सवयीने पाचला निघालात तर नुसते अंधारात कुडकुडाल. सूर्य मावळतो सहाच्या सुमारास. हाताशी दहा-साडेदहा तास, आणि पंक्चरचा हिशेब त्यातच बसवायचा.

रामगढपर्यंत काही घडलं नाही. सुरुवातीच्या पट्ट्यात पवनचक्क्या लागतात, त्यांच्याकडे बघत चला. चक्कीचं तोंड वाऱ्याकडे असतं. समोरच्या चक्क्यांची पाठ दिसत असेल तर वारा तुमच्या छातीवर आहे, तोंड दिसत असेल तर मजा आहे. मला सकाळभर पाठीच दिसल्या. हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तरेकडून आणि रस्ता वायव्येला, त्यामुळे कुरकुर करण्यात अर्थ नव्हता.

रामगढनंतर वाळूच्या टेकड्या सुरू होतात आणि रस्ता त्यांच्यावरून खालीवर जातो. समोरून ट्रक, मागूनही ट्रक, म्हणून मी कडेच्या वाळूत उतरलो. वर आलो तोवर मागचं चाक बसलं होतं. जादा ट्यूब होती, टाकली, निघालो. थोड्या वेळात पुन्हा तेच. आता जुनी ट्यूब जोडण्यावाचून इलाज नव्हता, आणि माझा दिवस तिथेच अडकला.

घरी बादलीभर पाण्यात ट्यूब बुडवली की बुडबुडे दिसतात. इथे पाणी होतं ते प्यायचं. हवा भरून ट्यूब कानाशी धरली तर वाऱ्याच्या घोंघाटात फुस्स ऐकू येईना. शेवटी ओठांपाशी धरून हळूहळू फिरवली, तेव्हा एका जागी बारीक गार फुंकर लागली. भोक सापडलं म्हणून हायसं वाटलं, तर पुढे खरी गंमत. सोल्यूशन लावून सुकायची वाट बघायची, आणि नेमकी तेवढ्या वेळात वाऱ्याने वाळू आणून त्यावर पेरायची. ओल्या सोल्यूशनवर बसलेले कण स्पष्ट दिसत होते. तसाच पॅच दाबला, हवा भरली, कडा उचलली गेली. खरवडा, घासा, पुन्हा लावा. बोटं इतकी गारठलेली की पॅचचा कागद सुटेना.

एक मेंढपाळ लांबून बघत होता. तो आला, काही न विचारता वाऱ्याकडे पाठ करून बसला आणि अंगावरची घोंगडी दोन्ही हातांनी पसरून धरली. त्या आडोशात पॅच बसला. ट्यूब आत घालणार, तर त्याने टायरकडे बोट दाखवलं. टायर आतून रुमालाने पुसला आणि रुमाल अडकला. सराट्याचं टोक रबरात मोडून राहिलेलं, बाहेरून दिसतच नव्हतं. दुसऱ्या ट्यूबचा बळी त्यानेच घेतला होता. सराटा कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच, त्याची रचनाच तशी. त्यामुळे वाळूत उतरावं लागलं तर सायकल उचलून न्या, चाक फिरवत नेऊ नका. टायर हाताने चाचपू नका, रुमालच बरा. बोटाला टोचलं म्हणजे काय ते मला विचारा.

या सगळ्यात सूर्य बराच कलला. दुपारी पंचविशीत गेलेला पारा चारनंतर भराभर उतरतो; काढलेलं जॅकेट सामानात तळाशी ठेवू नका. मधे एका पिकअपवाल्याने थांबून गाडीत बसायला सांगितलं. इतकं घासून जोडलेल्या चाकावर बसूनच तनोटला जायचं, असं मी तोवर ठरवून टाकलं होतं. हट्टच होता, पण फळला.

पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. मागचा लाल दिवा शेवटच्या तासात लावावाच लागतो, तो चार्ज करून न्या. तनोट मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. १९६५ च्या युद्धात पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवलेत. लोक ते बघत होते. मी आधी मागचं चाक दाबून बघितलं. टणक होतं. गोळे नंतर पाहिले.

आणि हो, ट्यूब दोन न्या, पॅचची डबी वेगळी. सोल्यूशनची नळी नवी, न फोडलेली.