रविवारची दुपार, शनिवारची दुपार

मी न्यूयॉर्कला आलो २००९ साली. बावरी रस्त्यावरचं ३१५ नंबरचं सीबीजीबी, म्हणजे पंकचा, त्या रांगड्या, वेगवान रॉकचा क्लब, बंद पडून तीन वर्षं झाली होती. तरी गेलोच. आत जॉन वार्वाटोसचं कपड्यांचं दुकान! भिंतीवरची जुनी पोस्टरं काचेमागे जपलेली. एका जाकिटाची किंमत पाहिली आणि गुपचूप बाहेर पडलो.

सीबीजीबी म्हटलं की लोकांना रमोन्स हा पंक बँड आठवतो. मला आठवतात तिथल्या ऐंशीच्या दशकातल्या रविवार दुपारी, अर्थात ऐकीव: अग्नॉस्टिक फ्रंट, क्रो-मॅग्स असे आणखी कर्कश पंक बँड. कार्यक्रम दुपारचा, त्यामुळे शाळकरी पोरांनाही आत घेत. क्रो-मॅग्स तर हरे कृष्णवाले. त्यांच्या १९८६च्या पहिल्या आल्बमचं नाव 'द एज ऑफ क्वॉरल', म्हणजे सरळ सरळ कलियुग. आईला ऐकवलं, तर म्हणाली, "मग एवढं खेकसतात कशाला?"

पण त्या दुपारींत मारामाऱ्या वाढल्या, समलिंगी पोरांना शिव्या पडू लागल्या. वैतागलेल्या काहींनी १९९०च्या सुमारास पंधरा मिनिटांच्या अंतरावर, १५६ रिव्हिंग्टनला, एबीसी नो रिओ या कलाकेंद्रात शनिवारची दुपार सुरू केली. बॉर्न अगेन्स्ट, रॉरशाक हे तिथले बँड. नियम असा, की वर्णद्वेषी, बायकांना किंवा समलिंगींना हिणवणारी गाणी असतील तर त्या बँडला जागा नाही. माझा ठाण्याचा मित्र अजून हसतो: "पंकला कसले रे नियम?"

नो रिओ मात्र मी चालू असताना पाहिलं. मोडकळीला आलेली इमारत, जिन्यात इंचभर जागा न सोडता रंगवलेल्या भिंती, वर झीनचं, म्हणजे घरच्या घरी छापलेल्या छोट्या मासिकांचं, ग्रंथालय, डार्करूम, छपाईची खोली. सगळा कारभार स्वयंसेवकांचा, म्हणजे बैठका आल्या. गणेश मंडळाच्या बैठका ज्यानं सोसल्यात, त्याला वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यात गंमत वाटते ती २००६ची. भाड्याच्या भांडणात सीबीजीबी गेलं ते याच वर्षी, आणि याच वर्षी महापालिकेनं नो रिओची इमारत त्याच लोकांना एका डॉलरला विकली. बैठका घेणारे टिकले! पुढे २०१७मध्ये ती जुनी इमारत पाडली, पण नवी बांधायची म्हणून.

मन माझं शनिवारवाल्यांकडेच. पण खरं सांगतो, जर्सी सिटीच्या गाडीत बसलो की कानात क्रो-मॅग्सच लागतात.